नेम कोठें चुकतो?

बायबलच्या तासाला “पापें कोणतीं?” असा प्रश्न विचारला म्हणजे वर्गांतून भराभर उत्तरें येतात: खून, दरोडा, चोरी, दारू, जुगार. यादी बरोबर असते. परंतु तिच्यांत एक चमत्कारिक गोष्ट असते. ती अशी कीं, उत्तर देणाऱ्या मुलांपैकीं बहुतेकांनीं यांतील एकहि गोष्ट केलेली नसते, व पुढेंहि ती बहुतेकांच्या हातून व्हावयाची नसते. त्या दिवशीं सकाळीं वर्गांत पाऊल टाकण्यापूर्वीं जें घडलें तें मात्र यादींत कधींच येत नाहीं. न केलेल्या गृहपाठाविषयीं रचून सांगितलेली सबब, धाकट्या भावाला दटावून मिळविलेला खाऊ, शेजारच्या बांकावरील मुलीच्या जुन्या कपड्यांची केलेली थट्टा, हीं पापें म्हणून कोणाच्या ध्यानींमनींहि नसतात. याप्रमाणें पाप हें नेहमीं दुसऱ्याच्या गांवचें ठरतें, आणि आपण त्याविषयीं प्रवासवर्णन वाचल्यासारखे बोलतों. मोठीं माणसें याला अपवाद आहेत असें नाहीं. त्यांची यादी थोडी अधिक लांब असते, इतकेंच.

म्हणून प्रस्तुत लेखांत मोठ्या अपराधांविषयीं फारसें लिहावयाचें नाहीं. ख्रिस्ती मनुष्याचा रोजचा दिवस जसा उगवतो व मावळतो, त्यांत पाप कोणत्या वाटेनें शिरतें, शिरल्यावर तें काय करितें, आणि विश्वासूपणानें वागणें म्हणजे प्रत्यक्षांत काय, याचा विचार शास्त्राच्या आधारानें करावा असा हेतु आहे.

आरंभ शब्दापासून करूं. जुन्या कराराची मूळ भाषा इब्री. तींत पापाला अनेक शब्द आहेत. त्यांतील जो फार वेळां येतो, त्याच्या धातूचा अर्थ ‘नेम चुकणें’ असा आहे. हा केवळ व्युत्पत्ति सांगणाऱ्यांचा तर्क नव्हे. शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायांत बन्यामीन वंशांतील सातशें डावखुऱ्या गोफणकऱ्यांचा उल्लेख आहे. ते असे तरबेज होते कीं, केंसावर धोंडा मारला तरी त्यांचा नेम चुकत नसे. तेथें ‘चुकत नसे’ या ठिकाणीं तोच धातु वापरलेला आहे. ग्रीक भाषेंत लिहिलेल्या नव्या करारांतहि पापाचा जो नेहमींचा शब्द आहे, त्याचें मूळ असेंच आहे. होमर कवीच्या ‘इलियड’ काव्यांत भाला फेकणाऱ्याचा वार हुकतो तेव्हां त्याच धातूचा उपयोग होतो.

आपल्याकडील खेड्यांतल्या मुलांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. जोंधळ्याचें पीक निसवलें म्हणजे शेतांत माळा घालून पांखरें राखावीं लागतात, आणि ज्यानें गोफण हातांत धरली आहे त्याला ठाऊक असतें कीं, नेम चुकलेला धोंडा नाहींसा होत नाहीं. तो कोठें तरी पडतोच; कधीं शेजाऱ्याच्या शेतांत, कधीं बांधावरून जाणाऱ्या गुराच्या पाठींत. तसेंच आपल्या भाषेंत एक सोय अनायासें झालेली आहे. ‘नेम’ म्हणजे निशाण साधणें, आणि ‘नेम’ म्हणजे रोज न चुकतां पाळावयाचें व्रत. दोन्ही नेम चुकतात, आणि एक चुकला म्हणजे दुसऱ्याची खात्री राहत नाहीं.

मात्र या दृष्टान्ताला मर्यादा आहे ती सांगितली पाहिजे, नाहीं तर मुलें तीच सबब म्हणून पुढें करतील. गोफणकऱ्याचा नेम चुकतो तो त्याच्या इच्छेविरुद्ध. आपला नेम पुष्कळ वेळां आपल्या इच्छेनेंच चुकतो. यासाठींच इब्री शास्त्रांत आणखी दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ वांकडेपणा, दुसऱ्याचा अर्थ बंड. दाविदाच्या नांवावर असलेल्या एकावन्नाव्या स्तोत्राच्या आरंभींच हे तिन्ही शब्द पाठोपाठ आले आहेत. नेम चुकला, वृत्ति वांकडी झाली, आणि राजाविरुद्ध बंड झालें, असें तिन्ही प्रकारें तो पश्चात्तापी मनुष्य आपलें कृत्य पाहतो. यांतील पहिलाच शब्द उचलून “माझ्याकडून चूक झाली” एवढ्यावर मोकळें होण्याची आपल्याला संवय आहे.

आतां पाप आणि मोह यांतील भेद. पुष्कळ सरळमनाचीं मुलें या एका गोष्टीचें ज्ञान नसल्यामुळें व्यर्थ दुःख भोगतात. मनांत वाईट विचार आला, राग उसळला, दुसऱ्याची वस्तु पाहून ती आपल्याला असावी असें वाटलें, कीं त्यांना वाटतें, ‘संपलें, मी पापी झालों, आतां प्रार्थना करण्यांत तरी काय अर्थ?’ आणि मग ज्या पापाचा केवळ विचार आला होता तें करून मोकळे होतात. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत याचा खुलासा आहे. मनुष्य आपल्याच वासनेनें ओढला जातो व भुलविला जातो, असें याकोब म्हणतो; आणि ‘भुलविणें’ या अर्थीं त्यानें जो ग्रीक शब्द घातला आहे तो माशाला लावावयाच्या आमिषापासून झालेला आहे. पुढें तो दुसरी उपमा घेतो: वासना गर्भ धरते, तिच्या पोटीं पाप जन्मतें, आणि पाप वाढून पुरें झालें म्हणजे तें मरणाला जन्म देतें. या उपमेंत वेळ आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. आमिष दिसणें, त्याकडे वळणें, तें तोंडांत घेणें, आणि गळ घशांत रुतणें या चार निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्यें परत फिरण्यास जागा आहे.

मासा भुकेला असतो हा त्याचा अपराध नव्हे. आपला प्रभु अरण्यांत चाळीस दिवस उपाशी होता, तो खरोखर भुकेला झाला होता, आणि पहिला मोह भाकरीचाच आला. तो सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी पापरहित राहिला, असें इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत सांगितलें आहे. मोह येणें हेंच पाप असतें, तर हें वाक्य निरर्थक झालें असतें. म्हणून ज्या मुलाला मोह होतो त्यानें घाबरूं नये. परंतु मोहाला पाट मांडून बसवूंहि नये. दारावर आलेला मनुष्य आणि घरांत जेवावयास घातलेला मनुष्य यांत जो फरक, तोच येथें आहे.

पापाच्या पायऱ्या जर कोठें स्पष्ट दाखविल्या असतील तर यहोशवाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायांत, आखानाच्या कबुलींत. यरीहो शहर पडलें. तेथील लुटींतून कोणीं कांहीं घ्यावयाचें नाहीं अशी सक्त ताकीद होती. आखानानें शिनार देशचा एक उंची झगा, दोनशें शेकेल रुपें आणि पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट घेतली. पकडला गेल्यावर तो जें सांगतो त्यांत चारच क्रियापदें महत्त्वाचीं आहेत: पाहिलें, लोभ धरला, घेतलें, आणि पुरून ठेविलें. एदेन बागेंतील हकीकत हीच आहे. फळ पाहिलें, हवेंसें वाटलें, घेतलें, खाल्लें, मग झाडांआड लपलीं. दाविदाचीहि हीच: गच्चीवरून पाहिलें, माणसें पाठवून बाई आणविली, आणि मग लपविण्याची खटपट सुरू झाली. त्या खटपटींत उरीयासारखा निष्ठावंत शिपाई प्राणास मुकला. दाविदानें पहिल्या दिवशीं खुनाचा विचार केला नव्हता. खून हा लपविण्याच्या पोटीं जन्मला.

माझ्या मतें या चार क्रियापदांत शेवटचें सर्वांत घातक आहे, आणि शाळेच्या जीवनांत त्याचीच ओळख आधीं होते. परीक्षेंत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेंतून एक उत्तर उतरविलें. शिक्षकांनीं दोन्ही उत्तरांतली सारखीच चूक पाहून विचारलें. “मीं नाहीं” म्हटलें. मग ज्याच्या उत्तरपत्रिकेंतून उतरविलें त्याच्यावरच संशय गेला, आणि आपण गप्प बसलों. पहिल्या कृत्याला अर्धें मिनिट लागलें असेल. दुसऱ्यानें एक मित्र गेला. आखानाचें तसेंच झालें. पुरलेला झगा त्याला एकदांहि अंगावर घालतां आला नाहीं.

याविषयींचा माझा स्वतःचाच अनुभव येथें लिहितों. शाळकरी वयांत मला नळाजवळ एक फाउंटन पेन सांपडलें. तें कोणाचें हें मला पाहतांक्षणींच कळलें, कारण वर्गांत तसें हिरव्या टोपणाचें पेन एकाच मुलाजवळ होतें. मीं तें खिशांत टाकलें. ‘उद्यां देऊं, थोडी गंमत होईल,’ असें मनाला सांगितलें. दुसऱ्या दिवशीं त्या मुलाला घरीं मार बसल्याचें कळलें, त्यामुळें देणें अवघड झालें. कारण आतां ‘काल कां दिलें नाहींस?’ हा प्रश्न उभा राहिला. प्रत्येक दिवसागणिक तो प्रश्न मोठा होत गेला. शाळेंत त्या पेनानें लिहितां येईना, कारण सर्वांना तें ठाऊक होतें. घरीं लिहितां येईना, कारण आई विचारील. मीं त्या पेनानें एक ओळहि लिहिली नाहीं. सहामाहीनंतर त्या मुलाच्या वडिलांची बदली झाली व तो शाळा सोडून गेला. कोठें गेला हें मला आजपर्यंत कळलें नाहीं. पेन अजून माझ्या पेटींत आहे, त्याची निब गंजली आहे.

पुढें लेवीय या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचतांना मी थबकलों. ज्या पुस्तकाला मुलें (आणि कित्येक उपदेशकहि) कंटाळतात त्यांत हा विषय अगदीं बारकाईनें आला आहे. ठेव म्हणून दिलेली वस्तु नाकारणें, शेजाऱ्यावर जुलूम करून घेणें, आणि हरवलेली वस्तु सांपडली असतां ‘नाहीं’ म्हणणें, या सर्वांना नियमशास्त्र एकाच माळेंत ओवतें व त्याला परमेश्वराचा विश्वासघात म्हणतें. वस्तु शेजाऱ्याची, पण विश्वासघात देवाचा! मग उपाय सांगितला आहे. मूळ वस्तु पुरी परत करावी, तिच्यांत पांचवा हिस्सा अधिक घालावा, आणि दोषार्पणाच्या दिवशींच ती धन्याच्या हातीं द्यावी. त्यानंतर वेदीकडे यावयाचें. क्रम पाहा: आधीं शेजारी, मग अर्पण. गणना या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांत तर ज्याचें नुकसान झालें तो उरला नसेल, आणि भरपाई घेण्यास त्याचा कोणी जवळचा नातलगहि नसेल, तर काय करावें हेंहि सांगितलें आहे. ती भरपाई परमेश्वराला, म्हणजे याजकाकडे, द्यावयाची. धनी सांपडत नाहीं म्हणून ऋण फिटलें असें नाहीं.

प्रभु येशूनें हाच क्रम कायम ठेविला. वेदीपाशीं अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच सोडून आधीं समेट करावयास जा, असें त्यानें डोंगरावरील प्रवचनांत शिकविलें. हें ऐकणारे लोक गालील प्रांतांतले होते, आणि वेदी यरुशलेमांत. म्हणजे अर्पण तेथेंच ठेवून परत जावयाचें तर कित्येक दिवसांची पायपीट. श्रोत्यांना त्या आज्ञेचें वजन लागलीच कळलें असेल. जकातदार जक्कय यानें तर येशू आपल्या घरीं आला एवढ्यावरूनच अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचें व अन्यायानें घेतलेलें चौपट परत करण्याचें जाहीर केलें. आपण मात्र रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या देवाची क्षमा मागतों आणि सकाळीं त्या शेजाऱ्याच्या दारावरून मान खालीं घालून निघून जातों. देवाची क्षमा फुकट आहे हें खरें. ती शेजाऱ्याच्या पदरचें घेऊन दिली जाते असें मात्र शास्त्रांत कोठें नाहीं.

येथें पालकांची रजा घेऊन दोन शब्द त्यांच्याविषयीं लिहितों. मूल खोटें बोलावयास शाळेंत शिकतें अशी तक्रार पालकसभेंत नेहमीं ऐकूं येते, आणि ती कांहीं अंशीं खरी असेल. परंतु एस. टी.च्या गाडींत बारा वर्षें पुरीं झालेल्या मुलाला “कंडक्टरनें विचारलें तर अकरा सांग” असें शिकविणारा कोण असतो? दारावर वसुलीवाला आला किंवा फोन वाजला, म्हणजे “बाबा घरीं नाहींत म्हणून सांग” असें बाबाच आंतून सांगतात, आणि संध्याकाळीं तेच बाबा कुटुंबप्रार्थना चालवितात. मुलाला या दोहोंचा मेळ घालतां येत नाहीं. तें असें ठरवितें कीं, प्रार्थना ही एका वेळेची गोष्ट आहे व व्यवहार ही दुसऱ्या वेळेची. अर्ध्या तिकिटांत वांचलेले थोडे रुपये आणि हा धडा यांची किंमत प्रत्येक बापानें स्वतःच करून पाहावी. उलट, चूक झाल्यावर मुलाजवळ “माझें चुकलें” असें म्हणणारा बापहि मीं पाहिला आहे. त्याच्या मुलाला सत्याविषयीं निराळें व्याख्यान द्यावें लागलें नाहीं.

आतांपर्यंत केलेल्या पापांविषयीं झालें. न केलेल्या कर्तव्यांचें पाप त्याहून पुष्कळ मोठें क्षेत्र व्यापतें, आणि तें दिसत नाहीं म्हणून त्याची टोंचणीहि लागत नाहीं. चांगलें काय तें ठाऊक असून जो करीत नाहीं त्याला तें पाप आहे, असा याकोबाचा स्पष्ट अभिप्राय आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यांतील याजकानें व लेव्यानें जखमी मनुष्याचें कांहीं चोरलें नाहीं, त्याला मारलें नाहीं; ते केवळ रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनें गेले. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्यांना डाव्या बाजूस उभें केलें आहे, त्यांच्यावरील आरोपपत्रांत एकहि केलेलें कृत्य नाहीं, सर्व न केलेलीं आहेत.

या सदराखालीं आपल्या समाजाची एक गोष्ट लिहिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आपण प्रभुभोजनाला एका पंक्तींत बसतों. पण मुलामुलींचें लग्न जुळवितांना, वसतिगृहांत खोलीसोबती निवडतांना, किंवा कोणाविषयीं तुच्छतेनें बोलतांना वाडवडिलांची जात हळूच डोकें वर काढते. कित्येकांना हें पाप वाटतच नाहीं. ते त्याला रीत म्हणतात. पहिल्या शतकांतील मंडळींतहि हें झालें. अंत्युखियास पेत्र अन्यजातीय ख्रिस्ती बंधूंबरोबर जेवीत असे. यरुशलेमाहून कांहीं लोक येतांच तो भिऊन मागें सरला व वेगळा बसूं लागला. पौलानें त्याला सर्वांसमक्ष तोंडावर दोष दिला, हें गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. पेत्रानें कोणाला शिवी दिली नव्हती, हाकलून दिलें नव्हतें. तो फक्त दुसऱ्या पंक्तीस जाऊन बसला होता. करिंथ येथें तर श्रीमंत आधीं जेवून घेत व गरीब उपाशी राहत, आणि ही पंगत प्रभूच्या भोजनाची नव्हे असें पौलाला लिहावें लागलें.

ही गोष्ट मनांतून जाणें किती अवघड, याचें प्रामाणिक चित्र पाहावयाचें असेल तर लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रें’ वाचावीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. मधल्या काळांत त्या पतीकडे परत आल्या तरी आरंभीं आपलें सोवळें व स्वयंपाक निराळा ठेवीत. तें सर्व त्यांनीं कोठेंहि झांकून न ठेवतां, स्वतःलाच हंसत लिहिलें आहे. ज्यांना जन्मापासून सोवळेंच ठाऊक होतें त्यांनीं तें सोडलें. आणि आपण, ज्यांच्या घरीं तीनचार पिढ्या शुभवर्तमान आहे, तें नव्या नांवांनीं पुन्हा धरून बसावें, हें मला आपल्या सर्व लहानमोठ्या दोषांत अधिक लाजिरवाणें वाटतें.

असो. पाप टाळणें ही अर्धी गोष्ट झाली. शेतांतून तण काढलें म्हणजे पीक आलें असें होत नाहीं. ग्रीक भाषेंत ‘विश्वास ठेवणारा’ व ‘विश्वासास पात्र’ या दोहोंला एकच शब्द चालतो. मराठींत ‘विश्वास’ व ‘विश्वासू’ हीं सख्खीं भावंडें आहेत. देवावर ज्याचा विश्वास आहे त्याच्यावर शेजाऱ्याला विश्वास टाकतां आला पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ. आणि ही परीक्षा लहान बाबतींतच होते, कारण मोठ्या बाबती आपल्या वाट्याला रोज येत नाहींत.

दानिएलाला सिंहांच्या गुहेंत टाकलें ही गोष्ट प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्याआधींचें एक वाक्य मात्र फार थोड्यांच्या लक्षांत राहतें. तो एकशें वीस प्रांताधिकाऱ्यांवर नेमलेल्या तिघां अध्यक्षांपैकीं एक होता. वैऱ्यांनीं प्रथम त्याच्या सरकारी कामाची छाननी केली. त्यांना त्यांत लबाडी सांपडली नाहीं, आणि हयगयहि सांपडली नाहीं. तेव्हां त्याच्या प्रार्थनेवर घाव घालण्यावांचून त्यांना गत्यंतर राहिलें नाहीं. ‘हयगय’ हा शब्द मला विशेष वाटतो. आपल्यापैकीं कित्येकांच्या कामांत लबाडी नसेल. पण शोधणाऱ्याला हयगय पहिल्याच पानावर सांपडेल.

महाराष्ट्रांतील उदाहरण द्यावयाचें तर पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचें देतां येईल. दुष्काळपीडित व निराधार स्त्रियांसाठीं त्यांनीं केडगांव येथें चालविलेलें मुक्तिसदन सर्वश्रुत आहे. परंतु आयुष्याच्या उत्तर भागांत त्यांनीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याचें काम अंगावर घेतलें. त्यासाठीं संस्कृताच्या या पंडितेनें पिकत्या वयांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. आणि खिळे जुळविण्याचें व छपाईचें काम मुक्तिसदनांतील मुलींनीं व बायांनीं शिकून केलें. खिळे जुळविणें म्हणजे एकेक अक्षर, एकेक काना, एकेक अनुस्वार उलटा वाचून बसविणें. वर्षानुवर्षें हें चाललें. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या मुलींनीं तीं अक्षरें जुळविलीं त्यांच्यापैकीं बहुतेकींचीं नांवें आज कोणाला ठाऊक नाहींत. विश्वासूपण म्हणतात तें हें, असें मला वाटतें.

विश्वासूपणाचें फळ तेव्हांच पदरांत पडतें असें सांगून मी मुलांची फसवणूक करणार नाहीं. योसेफाला पोटीफराच्या घरीं मोह एकदां आला नाहीं, दररोज येत राहिला. तो दररोज नाकारीत राहिला, शेवटीं वस्त्र टाकून पळाला, आणि त्याचें बक्षीस म्हणून त्याला तुरुंग मिळाला. वर्गांत सर्व उतरवीत असतां जो उतरवीत नाहीं त्याला गुण कमी पडतात, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. योसेफ त्या बाईच्या जवळपास राहण्याचेंहि टाळीत असे, ही त्या गोष्टींतील कामाची सूचना आहे. कांहीं मोहांशीं वाद घालूं नये, तेथून निघून जावें. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंतहि मोहापासून दूर ठेव अशीच विनंति आहे. जी प्रार्थना सकाळीं म्हटली ती दुपारीं आपल्याच पायांनीं खोटी पाडूं नये, म्हणजे झालें. ज्या मित्राच्या संगतींत जीभ सैल सुटते, ज्या वेळीं एकटें राहिलें म्हणजे मन वाहवतें, तो मित्र व ती वेळ प्रत्येकाला स्वतःची ठाऊक असते. एखाद्या वडील मनुष्याजवळ ती मोकळेपणानें सांगितली तर तिचा निम्मा जोर जातो. लपविण्यानें जें वाढतें तें सांगण्यानें खुंटतें.

इतकें करूनहि मनुष्य पडतो. प्रभूच्या शिष्यांत त्याच रात्रीं दोघे पडले. यहूदानें धरून दिलें, पेत्रानें तीनदां नाकारलें. दोघांनाहि पश्चात्ताप झाला. यहूदानें तर तीस रुपयेहि परत केले. परंतु तो आपलें दुःख घेऊन एकटाच गेला व जिवाला मुकला. पेत्र रडला, आणि इतर शिष्यांत परत आला.

योहानाच्या शुभवर्तमानांत एक लहानशी खूण आहे. पेत्रानें ज्या वाड्यांत नाकारलें तेथें चाकरांनीं थंडीमुळें कोळशांचा विस्तव पेटविला होता, आणि तो त्याजवळ शेकत उभा होता. त्या विस्तवाचा ग्रीक शब्द साऱ्या नव्या करारांत दोनदांच येतो. दुसऱ्यांदा तो शेवटच्या अध्यायांत, तिबिर्याच्या समुद्राच्या कांठीं येतो. शिष्य रात्रभर जाळीं टाकून पहाटे किनाऱ्याला लागले, तों तेथें कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. उठलेल्या प्रभूनें पेत्राला त्या विस्तवाजवळ बसवून तीनदां विचारलें, आणि तीनदां काम सोंपविलें. पण त्याआधीं त्यानें त्याला न्याहारी दिली.